काकूंचं दही आणि पंपाचा शेअर

मी वर्ध्याहून पुण्याला नोकरीसाठी आले तेव्हा हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या काचांतून ऊस दिसायचा. राहायला तिथे फारसं काही नव्हतं. कंपनीची बस टिळक रोडवर थांबायची, म्हणून मी सदाशिव पेठेत खोली शोधली आणि एका निवृत्त जोडप्याच्या फ्लॅटमध्ये पेइंग गेस्ट झाले. काका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, काकू विमा कचेरीतून. खोली द्यायची की नाही हे काकांनी ठरवायचं, असं काकूंनी ठरवलं होतं.

"आपण काय करता?" काकांनी विचारलं.

"प्रोग्रामर आहे. कॉम्प्युटरला काय करायचं ते सांगते."

"ऐकतो?"

"बहुतेक वेळा."

"मग बरं आहे. इथे तशी सवय कुणाला नाही," असं म्हणून त्यांनी पुन्हा पेपर वर केला. याचा अर्थ खोली मिळाली, हे मला काकूंनी समजावून सांगितलं.

खोलीत आधीपासून लातूरची एक मुलगी राहत होती. ती पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता दही. घरोघरी लावलेल्या दह्यात कोणकोणते जिवाणू असतात हे ती शोधत होती. सजीवाच्या पेशीतला मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो, ए, सी, जी आणि टी. ही अक्षरं एका मशीनवर वाचून घ्यायची, फाइलमध्ये साठवायची आणि मग जगभरातल्या माहीत असलेल्या जिवाणूंशी ती ताडून बघायची, म्हणजे आपल्या वाटीत कोण राहतं ते कळतं. हे ताडून बघण्याचं काम कॉम्प्युटरवर चालायचं. वाट्या गोळा करण्याचं काम मात्र तिला पायी करावं लागे. नारायण पेठेत एका बाईंनी तिला दाराच्या फटीतून चमचाभर दही दिलं आणि विचारलं, "परत कधी आणून देणार?"

आम्ही दोघींनी मिळून बुधवार पेठेतून सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जुळवला. त्यावर लिनक्स टाकलं. तिची ताडून बघण्याची आज्ञावली, माझी प्रोग्रामिंगची भाषा, आलेख काढायचं साधन, सगळंच ओपन सोर्स होतं. जगातल्या कुणीकुणी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेलं. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि ते येत असताना काकूंच्या बहिणीचा फोन लागायचा नाही. त्यामुळे आमच्या खोलीत काय चाललंय याची चौकशी होणं अटळ होतं.

"हे सगळं फुकट?" काकूंनी खुर्चीमागे उभं राहून विचारलं.

"हो. शिवाय आतलं लिखाणही वाचता येतं. चूक सापडली तर आपणच दुरुस्त करून परत पाठवायची."

"म्हणजे अन्नछत्रच की. आणि वाढपी आपणच."

"अन्नछत्रात जेवावं, मिरपूड मागू नये," बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज आला.

काकूंना मिरपूडच हवी होती. एकोणीसशे नव्वदनंतर विमा कचेरीतल्या बायका डबा खाताखाता शेअरच्या गोष्टी करायला लागल्या, तेव्हापासून काकूंना त्याचा नाद होता. त्यांच्याकडे बरेच शेअर होते, पण जीव एकावर होता. पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती, तिच्यावर. त्या शेअरबद्दल त्या सासरच्या माणसाबद्दल बोलावं तशा बोलायच्या. "आज जरा फुगून बसलाय." "काल बरा होता, आज पुन्हा तेच." दुपारी टीव्हीवर खालच्या पट्टीत भाव सरकत जायचे, तेव्हा पंपाचं नाव येईपर्यंत त्या भाजी निवडायची थांबवायच्या.

"मला एवढंच सांगणारं काहीतरी कर," त्या मला म्हणाल्या, "की हा आत्ता जसा वागतोय तसा पूर्वी कधी वागला होता, आणि त्यानंतर त्यानं काय केलं. माणसाचं आपण असंच ओळखतो ना?"

प्रश्न चांगला होता. जुने भाव बाजाराच्या संकेतस्थळावर मिळत होते. पण आजच्या चढउतारांसारखे जुने चढउतार शोधायचे कसे, यावर मी अडले. माझी ही लातूरची मैत्रीण बाजूलाच केस विंचरत होती. ती म्हणाली, "अगं, माझं टूल दुसरं काय करतं? लांबलचक अक्षरांच्या ओळीत सारखे तुकडे शोधून देतं. तू भावांची अक्षरं कर."

मग आम्ही तसंच केलं. भाव खूप चढला की जी, थोडा चढला की ए, थोडा उतरला की टी, खूप उतरला की सी. शनिवार-रविवारी बाजार बंद. त्या दिवसांचं काय, असं मी विचारलं. तर ती म्हणाली, तिच्याकडे मशीनला एखादं अक्षर वाचता आलं नाही की तिथे एन घालतात, तूही तेच घाल. मी घातलं. काही वर्षांचा पंपाचा शेअर अशा रीतीने एका जिवाणूच्या मजकुरासारखा दिसायला लागला. मी त्या फाइलला 'काकू' असं नाव दिलं.

प्रोग्राम तयार झाला तेव्हा काकूंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. पडद्यावर एक ओळ यायची, "असं पूर्वी झालं होतं, त्यानंतर भाव चढला" किंवा "उतरला". काकूंच्या आग्रहाने ती ओळ मराठीत होती. निम्म्या वेळा ती खरी ठरायची. काका म्हणाले, निम्म्या वेळा तर उडवलेलं नाणंही खरं सांगतं आणि त्याला वीज लागत नाही.

त्याच सुमारास मैत्रिणीने काकूंकडे दही मागितलं. काकूंचं विरजण साधंसुधं नव्हतं. लग्नात वाईहून त्या माहेरचं विरजण घेऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून रोज रात्री त्याच दह्याचा चमचा दुसऱ्या दिवशीच्या दुधात जात होता. त्यांच्या आईचं, तिच्या सासूचं, असं ते मागे मागे कृष्णाकाठापर्यंत जायचं. मुंज, बारसं, कुणाची परीक्षा, सगळीकडे हातावर हेच दही पडलं होतं. घरात पाहुणा आला की तो पहिला घास घेईपर्यंत काकू त्याच्या तोंडाकडे बघत. मैत्रिणीने चमचाभर दही बाटलीत घेतलं, प्रयोगशाळेत नेलं, आणि यथावकाश त्यातल्या जिवाणूची अक्षरं तिच्याकडे आली. तिनेही त्या फाइलला नाव दिलं, 'काकू'.

पुढे जे झालं त्यात दोष नक्की कुणाचा, यावर आम्ही आजही भांडू शकतो. कॉम्प्युटर बिघडला. तो पुसून सगळं पुन्हा टाकावं लागणार होतं, म्हणून आम्ही आमच्या फाइली सीडीवर उतरवल्या आणि नंतर परत चढवल्या. चढवताना दोन काकू एकमेकींच्या घरी गेल्या.

काकूंना त्या सकाळी निकड होती. पंपाचा शेअर बरेच दिवस नुसता पडत होता आणि तो विकून मोकळं व्हावं असं त्यांच्या मनात येत होतं. मी प्रोग्राम चालवला. ओळ आली, "असं पूर्वी झालं होतं, त्यानंतर भाव चढला". आणि नेहमीपेक्षा जास्त ठामपणे आली, म्हणजे मी लिहिलेल्या हिशोबानुसार जुळणी फारच चांगली होती. काकूंनी शेअर ठेवला. आठवडा संपायच्या आत तो चढला, पुढच्या आठवड्यात आणखी चढला. काकूंनी मला आणि मैत्रिणीला श्रीखंड करून घातलं. काका दोन वाट्या श्रीखंड खाऊन म्हणाले, "नाणं जिंकलं."

मैत्रिणीला मात्र श्रीखंड गोड लागत नव्हतं. तिने काकूंच्या दह्याची फाइल ताडून बघायला दिली तेव्हा पडद्यावर उत्तर आलं होतं, जुळणारं काहीही सापडलं नाही. इतर घरांच्या दह्यात तिला ओळखीची मंडळी झटकन सापडत होती. इथे दूरचा नातेवाईकसुद्धा नाही. तिने ते तिच्या सरांना दाखवलं. सर सावध माणूस. त्यांनी आधी मशीनवर संशय घेतला, मशीनवाल्यांना फोन केला. मशीन ठणठणीत आहे, त्या दिवशीचे बाकी सगळे नमुने नीट आलेत, असं उत्तर मिळालं. मग सर ते कागद घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ते म्हणाले, कुणाला बोलू नकोस," ती मला खोलीत सांगत होती. "आणि म्हणाले, आपण ताजा नमुना घेऊ. मी स्वतः येतो. रविवारी."

"इथे? घरी?"

"त्यांना भांडंसुद्धा बघायचंय."

काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी कुणालाही न बोलण्याचा अर्थ बहिणीला फोन न करणं असा घेतला नाही. रविवारी सकाळी हॉल झाडून पुसून तयार होता. टीपॉयवर नवीन कापड आलं. दह्याचं दगडी भांडं खसखसून घासलं गेलं, तेव्हा मैत्रीण घाबरून म्हणाली, "काकू, भांडं घासायचं नव्हतं," आणि काकू म्हणाल्या, "मोठा माणूस घरी येतोय, मी त्याला पारोसं भांडं दाखवू?"

सर आले. बारीक, उंच, खांद्याला झोळी. काकूंनी त्यांच्यासमोर पोहे आणि वाटीभर दही ठेवलं आणि बघत राहिल्या. सरांनी पहिला घास घेतला आणि खरंच डोळे मिटले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. काका आपल्या खुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर त्यांच्यासमोर होता.

"आपल्या घरी हे विरजण किती वर्षांचं?" सरांनी विचारलं.

"माझ्या लग्नापासूनचं. त्याआधी माझ्या आईकडे. खंड नाही पडलेला कधी."

पेपरमागे कुणीतरी घसा साफ केला.

सरांनी झोळीतून कागद काढले आणि टीपॉयवर पसरले. पानंच्या पानं अक्षरं. "मी तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो," ते काकूंना म्हणाले. "हा तुमच्या दह्यातल्या जिवाणूचा मजकूर. असा मजकूर जगात कुठेही नोंदलेला नाही. आणि यात एक फार विलक्षण गोष्ट आहे. हे बघा. पाच अक्षरं नीट वाचता येतात, मग दोन वाचता येत नाहीत. पुन्हा पाच, पुन्हा दोन. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी इतकी वर्षं या कामात आहे, निसर्गात अशी शिस्त मी पाहिलेली नाही. याच्या मागे काय कारण असेल याचा मी दोन रात्री विचार करतोय."

काकूंचा ऊर भरून आला होता. त्यांच्या माहेरची शिस्त होती ती.

काकांनी पेपर खाली केला, मान पुढे करून कागदांकडे बघितलं आणि म्हणाले, "पाच दिवस काम, दोन दिवस सुट्टी. आयटीत दिसतोय."

सर सौजन्याने हसले. मी हसले नाही. मी कागदाकडे नीट बघितलं. पाच अक्षरं, एन, एन. पाच अक्षरं, एन, एन. अधूनमधून कुठेतरी एक जादा एन, तो कुठल्यातरी सणाचा. मधे एके ठिकाणी नुसते टी आणि सी लागोपाठ, तो पडत होता तेव्हाचा. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती माझ्याकडे आधीच बघत होती.

"काकू, आम्ही जरा आत जाऊन येतो," असं म्हणून मी तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"हा शेअर आहे," मी म्हणाले.

"मला कळलं."

"मग तुझं दही कुठाय?"

मग तिने तोंडावर हात धरला. "तुझ्या प्रोग्राममध्ये."

आम्ही ओट्यापाशी उभ्या राहिलो. बाहेर सर काकूंना विचारत होते की त्यांच्या आईच्या घराजवळ पाण्याचा एखादा जुना झरा वगैरे होता का. मैत्रीण म्हणाली, "मी राजीनामा देते." मी म्हणाले, "पीएच.डी.चा राजीनामा नसतो." मग तिने पदराच्या जागी ओढणी खोचली, लातूरकडच्या बायका भांडायला जाताना खोचतात तशी, आणि ती बाहेर गेली.

"सर, हा जिवाणू नाही. फाइली बदलल्या. हे दुसरंच आहे."

सर तिच्याकडे बघत राहिले. "मग हे काय आहे?"

काकूंनी चष्मा लावून कागद जवळ घेतला. काय झालं ते मी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं, पुढे नेलं आणि सरांना म्हणाल्या, "हा आमचा पंपाचा शेअर हो."

"शेअर," सर म्हणाले.

"जी म्हणजे खूप चढला, टी म्हणजे थोडा उतरला," मी म्हणाले. "एन म्हणजे शनिवार-रविवार."

"आणि यांच्या दह्याचा मजकूर?"

हे कुणीतरी सांगायला हवं होतं. "त्याने काकूंना शेअर विकू नका असा सल्ला दिला," मी म्हणाले.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं आता हा माणूस रडतोय. ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका त्यांच्याकडे आदराने बघत होते. आपल्या विनोदाला एवढी दाद त्यांना शाळेत कधी मिळाली नसावी.

"बरोबर होता का सल्ला?" सरांनी हसू आवरत विचारलं.

"चढला ना," काकू म्हणाल्या. "माझंच विरजण आहे. ते मला का चुकीचं सांगेल?"

सरांनी तिथल्या तिथे खरी फाइल बघायचं ठरवलं. आमच्या खोलीत सगळे उभे राहिले. मैत्रिणीने दह्याची काकू माझ्या फोल्डरमधून तिच्या फोल्डरमध्ये आणली आणि ताडून बघायला दिली. काकूंनी अभावितपणे कॉम्प्युटरला हात जोडले. उत्तर आलं. ओळखीची जुळणी, अगदी अक्षरशः अक्षराला अक्षर.

"हं," सर म्हणाले. "हा तर आपला नेहमीचाच. डेअरीच्या पिशवीतल्या दह्यात असतो तोच."

काकूंचा चेहरा उतरला. "पिशवीतल्या?"

सर पुढे काही बोलणार होते. पण दारात उभ्या असलेल्या काकांनी त्यांना बोलू दिलं नाही.

"तू मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली होतीस तेव्हाचं आहे ते," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी प्रथमच इतका साधा ऐकला. "मी विरजण लावायचं विसरलो आणि उरलेलं खाऊन टाकलं. तू यायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. मग खालच्या दुकानातून पिशवी आणली."

काकूंनी हिशोब केला असावा. त्या बाळंतपणातली नात आता कॉलेजात होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांना..." एवढंच त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मैत्रीण हळूच म्हणाली, "काका, तो जिवाणू सगळ्याच दह्यांत असतो. वाईच्या दह्यातसुद्धा हाच निघाला असता. आमच्या या तपासणीतून विरजण कुठलं ते कळतच नाही."

काकांनी तिच्याकडे बघितलं. भूगोल शिकवताना भर वर्गात चुकीच्या नदीवर काठी ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "हे आपण जरा आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. काकू काकांशी आमच्यामार्फत बोलायच्या. "अगं, त्यांना सांग, चहा झालाय." काका तीन फुटांवर बसलेले असायचे. ताटात दही यायचं, पण काकांच्या ताटात नाही. काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. एका सकाळी ते आम्हाला न सांगता घराबाहेर पडले आणि संध्याकाळी परत आले. स्वारगेटहून एसटीने वाईला गेले होते. काकूंच्या भावाकडून स्टीलच्या डब्यात विरजण घेऊन, डबा मांडीवर धरून, खंबाटकीच्या घाटाची सगळी वळणं सांभाळत आले होते. शर्टावर दह्याचा मोठा डाग होता. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला.

"निम्मं सांडलं," ते म्हणाले. "चमचाभर उरलं तरी पुरेल, असं तुझा भाऊ म्हणाला होता."

काकूंनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "शर्ट भिजत घाला," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांनी थेट काकांना उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, त्यामुळे आम्ही दोघी खोलीत जाऊन दार लावून बसलो.

मैत्रिणीने त्या नव्या दह्याचाही नमुना घेतला. त्यातही तोच निघाला. तो निकाल तिने घरात कुणाला सांगितला नाही, प्रबंधात मात्र लिहिला. पंपाचा शेअर काही महिन्यांनी पुन्हा पडला, पण तोवर काकूंनी तो विकून टाकला होता. मी दुरुस्त केलेल्या प्रोग्रामने त्यांना ठेवा असं सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, आणि का ऐकलं नाही हे विचारल्यावर म्हणाल्या, "त्याच्याबद्दल आता काही वाटेनासं झालं होतं." प्रोग्राम मी नंतर इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. पोर्तुगालमधल्या कुणीतरी तो घेतला आणि त्यातली मराठी ओळ काय आहे असं विचारणारं पत्र पाठवलं. मी सांगितलं. काकूंना वाटलं, पोर्तुगालमध्येही पंप होतात.

सर मात्र त्या घरी येत राहिले. सुरुवातीला नमुन्याच्या निमित्ताने, मग निमित्ताशिवाय. त्यांची बायको वारलेली होती आणि मुलगा परदेशात होता, हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. ते आणि काका सकाळी पर्वतीवर जायला लागले. दोघंही वाटेत फारसं बोलत नसत. काका अधूनमधून काहीतरी म्हणायचे आणि सर एखाद्या पायरीवर थांबून, कठड्याला हात टेकून, आवाज न करता हसायचे, आणि काका पुढे न जाता त्यांचं हसून होईपर्यंत उभे राहायचे.